वाटेवरचा सोबती

हैदराबादेत मोअज्जम जाही मार्केटपासून कोठीकडे जाऊ लागले म्हणजे जामबाग लागते. या शहरात पेरूस ‘जाम’ म्हणतात. तेव्हा कोणे एके काळी येथे पेरूंची बाग असली पाहिजे, असे नावावरून वाटते. आज बाग नाही. झेंडू, मोगरा, अबोली यांचे ढीग मांडून बसलेले फुलवाले तेवढे आहेत आणि त्यांच्यासमोरून सकाळपासून रात्री उशिरापर्यंत वाहणारी दुचाकी वाहनांची अखंड धार आहे. मराठी माणसास हा भाग परका नाही. केशवराव कोरटकरांसारख्या धुरीणांचा हात लागलेली, १९०७ साली स्थापन झालेली विवेक वर्धिनी याच जामबागेत आहे, आणि तिच्या वर्गांतून शिकून बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्या या रस्त्यावरून पायी, सायकलीवरून, पुढे स्कूटरीवरून गेल्या आहेत.

या रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. घामाघूम झालेला एखादा गृहस्थ आपली बंद पडलेली मोटरसायकल ढकलीत कडेकडेने चाललेला असतो. वाहनांच्या धारेतून कोणी एक स्वार बाजूला येतो, वेग कमी करतो आणि विचारतो, “क्या हुआ भई?” उत्तर बहुधा एकच असते: “पेट्रोल खतम.” यावर पुढचे वाक्य येते, “बैठो, पाँव लगातूं.” नाव नाही, गाव नाही, ओळख नाही. गृहस्थ आपल्या बंद गाडीवर बसतो, मागून येणारा आपला पाय त्याच्या गाडीला लावतो आणि दोघे पंपाच्या दिशेने चालू लागतात.

हा पाय लावण्याचा प्रकार ज्यांनी कधी पाहिला नसेल, त्यांच्यासाठी तो थोडा खुलासेवार सांगितला पाहिजे. मदत करणारा बंद गाडीच्या किंचित मागे व तिच्या उजव्या अंगास राहतो. त्याचा उजवा पाय स्वतःच्या ब्रेकवर हवा, म्हणून लावावयाचा तो डावा पाय. तो ठेवावयाचा मागे बसणाराच्या पायठेवणीवर. शेजारच्या सायलेन्सरवर ठेवला, तर चपलेचा तळ वितळतो आणि कधी पायही भाजतो. डावा पाय असा गुंतला की गिअर बदलता येत नाही, म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच, पायी धावणाऱ्यापेक्षा थोड्याशा अधिक वेगाने, सारा प्रवास करावयाचा. पुढच्याने फक्त हँडल सरळ धरावयाचे आणि घाबरून एकदम ब्रेक दाबावयाचा नाही. दोन अनोळखी माणसे तेवढ्या अंतरापुरती एका जिवाने चालतात. एकाचा तोल गेला तर दोघेही पडणार, हे दोघांनाही ठाऊक असते.

हा प्रकार शहाणपणाचा आहे, असे मी म्हणत नाही. गर्दीत तो धोक्याचाच आहे, आणि मागून येणाऱ्या मोटारवाल्याच्या कपाळास आठ्या पडाव्यात हेही रास्त आहे. परंतु हैदराबादच नव्हे, तर पुणे, सोलापूर, नांदेड अशा आपल्या कोणत्याही शहरात पिढ्यान्पिढ्या हा पाय लागत आला आहे. तो कोणी कोणास शिकविला नाही. ज्याची गाडी कधी ना कधी बंद पडली आणि ज्यास कोणी तरी असा पाय लावला, तो पुढे दुसऱ्यासाठी थांबतो. एवढेच त्याचे शिक्षण.

वाचकहो, यंत्रांच्या स्वभावाचाही या चालीशी मोठा संबंध आहे. आपल्या देशात १९५५ साली मद्रासेस एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली, १९६१ साली म्हैसुरास जावा मोटरसायकल तयार होऊ लागली व पुढे तीच येझदी या नावाने नांदली. स्कूटर म्हटली म्हणजे बजाजची किंवा लॅम्ब्रेटा, आणि या शहराच्या अभिमानाची म्हणून अ‍ॅल्विन पुष्पक. ही सारी यंत्रे दणकट खरी, पण लहरी. प्लगवर काजळी धरे, कार्बोरेटरमध्ये कचरा अडके, क्लचची तार भर चौकात तुटे. मात्र त्यांचा रोग उघड्या डोळ्यांना दिसे आणि साध्या हातांना बरा करता येई. पाना आणि प्लग साफ करावयास सँडपेपरचा तुकडा एवढी सामग्री सीटखाली असली, की कोणीही कोणाचा वैद्य होऊ शके. अनुभवी माणसे तर नवी तार जुन्या तारेच्या जोडीनेच बांधून ठेवीत, म्हणजे तुटताच फक्त दोन टोके बदलावयाची. येझदीचे एक वेगळेपण असे की तिची किक आणि तिचा गिअर हा एकच दांडा. तिच्याशी परिचय नसलेला परोपकारी मनुष्य किक शोधीत तिच्याभोवती प्रदक्षिणा घाली आणि मालकास त्या अवस्थेतही हसू येई.

पेट्रोल देण्याघेण्याचे तर स्वतंत्र शास्त्रच होते. टाकीखालची नळी काढावयाची, तोटी उघडावयाची, बाटलीत पावशेर धरावयाचे आणि दुसऱ्याच्या टाकीत ओतावयाचे. परंतु घेणाराची गाडी टू-स्ट्रोक असली, तर नुसते पेट्रोल चालत नसे. त्यात तेल मिसळलेले हवे, नाही तर इंजिन जाम व्हावयाचे. म्हणून बुलेटवाल्याने बजाजवाल्यास पेट्रोल दिले, तरी तेलाच्या पुडीसाठी तिसरा कोणी गाठावा लागे. स्कूटरवाले दुसरी एक युक्ती करीत. पेट्रोल संपल्यासारखे वाटले की गाडी इंजिनाच्या बाजूस चांगली आडवी कलवावयाची, म्हणजे तळाशी उरलेले थेंब कार्बोरेटरकडे येत आणि पंपापर्यंतची पाऊण मैलाची मजल निभावून जाई. रस्त्यात उभा राहून स्कूटर कुशीवर घेणारा मनुष्य पाहिला, की तेव्हा कोणास नवल वाटत नसे.

त्या स्कूटरींना जादा चाक असे. त्यास आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. पुढच्या चाकास, मागच्या चाकास तीच स्टेपनी चाले, आणि एका बजाजची दुसऱ्या बजाजला बसे. स्वतःची स्टेपनीही पंक्चर असलेल्या मनुष्यास दुसऱ्याने आपली स्टेपनी उसनी द्यावी आणि “उद्या अमुक दुकानात ठेवून जा” एवढेच सांगावे, हे त्या काळी घडत असे. चाक परत येईलच याची हमी काय? काहीच नाही.

येथे एक किरकोळ वाटणारी गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. मदत करण्यासाठी आपले स्वार नेहमी थांबतातच असे नाही. कित्येकदा चालता चालता मदत करून निघून जातात. कोणाच्या गाडीचा कडेचा स्टँड खालीच राहिला, तर शेजारून जाणारा “स्टँड, स्टँड!” म्हणून ओरडतो. मागे बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकाकडे लोंबू लागली, तर अनोळखी माणसे हातवारे करून सावध करतात. आपल्याकडील मोटरसायकलींना साडीसाठी मुद्दाम जाळी बसविलेली असते, तरी पदर तिलाही चकवितो. या इशाऱ्यांनी किती प्राण वाचले, त्याची मोजदाद कोणी केली नसेल. आणखी एक इशारा होता: दिवसा कोणाचा पुढचा दिवा जळत राहिला, की समोरून येणारा हाताची मूठ मिटून उघडून दाखवी. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहावा असा नियम झाला, आणि ती मूठ निरर्थक झाली. काही वयोवृद्ध स्वार सवयीने ती अजून मिटतात व उघडतात. तरुणांना त्याचा अर्थ कळत नाही. ते उलट हात हलवून नमस्कार करतात.

शहराबाहेर या सोबतीस वेगळेच मोल येते. हैदराबादेतील मराठी कुटुंबांची सोलापूर, तुळजापूर, पंढरपूर या बाजूस सदा जा-ये असते, आणि तरुण मंडळी हा तीनशे किलोमीटरांचा पल्ला हौसेने मोटरसायकलीवरून काटतात. पूर्वीचा नऊ क्रमांकाचा आणि आता पासष्ट क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग जहीराबाद सोडल्यावर कर्नाटकात शिरतो, हुमनाबादवरून पुढे जाऊन उमरग्यापाशी महाराष्ट्रात येतो. एका दिवसात तीन राज्ये आणि तीन भाषा होतात. दुपारच्या उन्हात हुमनाबादच्या पुढे ज्याची साखळी तुटली, त्याच्याजवळ थांबणारा स्वार तेलुगू बोलेल, कानडी बोलेल किंवा मराठी. प्रश्न मात्र तोच असतो. त्याच्या हातात पाण्याची बाटली दिसली की भाषेचा प्रश्न उरत नाही.

लांबच्या प्रवासाची हौस असलेल्या स्वारांच्या मंडळांत एक खूण रूढ आहे. गाडी बंद पडून मदत हवी असेल, तर शिरस्त्राण काढून गाडीच्या मागे रस्त्याच्या कडेस जमिनीवर ठेवावयाचे. नुसता विसावा घेत असेल तर ते हँडलवर अडकवावयाचे. खूण उत्तम आहे, पण मंडळांबाहेरच्या लाखो स्वारांस ती ठाऊक नाही. त्यांना ते डोके विसरलेला मनुष्य वाटतो. हिमालयात मनालीहून लेहकडे जाताना टांडी या ठिकाणी पुढचा पेट्रोल पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची पाटी अनेक वर्षे प्रवाशांस सावध करीत आली आहे. अशा वाटेवर कोणी थांबलेल्याजवळून न थांबता निघून गेला, तर ती गोष्ट त्याच्या नावावर लागून राहते.

परदेशांत या कामास फार लवकर संस्थेचे रूप आले. १९०५ साली लंडन येथे मोटरवाल्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापिली. पोलिस वेग मोजण्यासाठी जे सापळे लावीत, त्यांची सूचना सभासदांना द्यावी, हा तिचा मूळ हेतू. तिचे गस्तवाले प्रथम सायकलींवरून आणि पुढे साइडकार जोडलेल्या मोटरसायकलींवरून हत्यारे घेऊन फिरत व बंद गाड्या चालू करून देत. गाडीवर संस्थेचा बिल्ला दिसला की गस्तवाला सलाम करी; त्याने सलाम केला नाही, तर पुढे पोलिस आहेत असे ओळखावयाचे. मुंबईतही १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. या संस्थांनी मोठे उपयोगी काम केले. तथापि तेथे बिल्ला हवा, वर्गणी हवी. जामबागेतल्या स्वारास दुसऱ्याच्या गाडीवर कोणता बिल्ला दिसतो? मनुष्य पायी आहे आणि गाडी त्याच्या हातात आहे, एवढेच तो पाहतो.

आपल्या वाचकांस आवडेल अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. इटलीत अलेस्सांद्रिया शहरानजीक कास्तेल्लात्सो बोर्मिदा नावाचे गाव आहे. तेथील पवित्र मरियामातेस पोप बारावे पायस यांनी १९४७ साली मोटरसायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तिकडे स्वारांस कौतुकाने ‘सेंटॉर’ म्हणतात, म्हणजे अर्धा मनुष्य आणि अर्धा घोडा असा जुन्या कथांतला प्राणी. जुलै महिन्यात देशोदेशींचे हे अश्वमानव तेथे मेळाव्यास जमतात. आमच्या कोठी-जामबागेत हे वृत्त फारसे कोणास ठाऊक नसावे.

आता काळ पालटला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. इंजिनाला पेट्रोल किती द्यावयाचे, हे विजेवर चालणारी यंत्रणा ठरविते आणि पंप टाकीच्या आत बसलेला असतो. खालची नळी ओढून बाटली भरण्याचा मार्ग त्यामुळे जवळजवळ बंद झाला. ‘रिझर्व्ह’ची तोटी गेली, तिच्या जागी दिवा लागतो व तो आपण पाहत नाही. बॅटरी अगदीच उतरली, तर धक्का मारून दुसऱ्या गिअरवर गाडी चालू करण्याची जुनी युक्तीही हुकते. गिअरविरहित स्कूटरींना तर ती लागू पडतच नव्हती. एका बाबतीत मात्र सोय झाली आहे. बिनट्यूबच्या टायरमध्ये खिळा शिरला, तर चाक न काढता रबराची पट्टी सुईने आत सारून दहा मिनिटांत भोक बुजविता येते, आणि अशी सुई-पट्टीची पेटी व मुठीएवढा पंप जवळ बाळगणारे स्वार आता पुष्कळ आढळतात. एकूण पाहता थांबणाराच्या हातचे काम कमी झाले आहे. तो विचारपूस करू शकतो, पाय लावू शकतो, मिस्त्री आणू शकतो. इंजिनाच्या पोटात हात घालू शकत नाही.

रस्त्यावरची माणसेही बदलली आहेत. आज सर्वांत अधिक वेळ रस्त्यावर असतात, ती पाठीवर मोठी पेटी बांधून घरोघर जेवण व सामान पोहोचविणारी मुले. त्यांची कमाई खेपांवर असते, खेप वेळेवर गेली पाहिजे असते. असा मुलगा जेव्हा दुसऱ्यासाठी थांबतो, तेव्हा तो आपल्या मजुरीतले काही देऊन थांबतो, हे लक्षात ठेवावे. २ जानेवारी २०२४ रोजी टँकर व मालमोटारींच्या चालकांच्या संपामुळे हैदराबादचे पेट्रोल पंप कोरडे पडू लागले आणि पंपापंपांवर दुचाकींच्या लांबच लांब रांगा लागल्या. चंचलगुड्यात जेवण पोहोचविणारा एक मुलगा त्या दिवशी चक्क घोड्यावर बसून निघाला, आणि त्याची चित्रे देशभर पाहिली गेली. लोक हसले. पण ज्याची टाकी त्या दिवशी वाटेतच संपली, त्यास पाय लावणारादेखील मिळणे कठीण होते, कारण प्रत्येकजण आपले उरलेले पेट्रोल मोजीत होता.

या शहरापुरते बोलावयाचे, तर या चालीवर सर्वांत मोठा आघात यंत्रांनी केला नाही, टंचाईनेही केला नाही. तो २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री झाला. हा विषय कौटुंबिक साप्ताहिकात आणावा की नाही, याचा मी बराच विचार केला; परंतु तो टाळून या मदतीविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शमशाबादजवळच्या टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्य स्त्रीने आपली स्कूटर उभी करून ठेविली होती. पोलिसांच्या तपासानुसार चौघांनी तिच्या चाकातील हवा मुद्दाम सोडली, आणि ती परत आल्यावर पंक्चर काढून आणून देतो म्हणून मदत देऊ केली. तिने बहिणीस दूरध्वनीवरून आपणांस भीती वाटत असल्याचे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शादनगरनजीक तिचा जळालेला देह सापडला. ६ डिसेंबर रोजी चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाचा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला व त्याने त्या गोळीबाराचे समर्थन केले नाही. म्हणजे ज्या अपराधाचा न्याय न्यायालयात व्हावयाचा, तो तेथवर पोहोचलाच नाही.

ज्या शब्दांनी या शहरात पिढ्यान्पिढ्या मदत होत आली, ते शब्दच त्या रात्री सापळा म्हणून वापरले गेले. “पंक्चर झाले का? थांबा, आणून देतो.” या वाक्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, असा प्रश्न त्यानंतर प्रत्येक घरातल्या मुलीपुढे उभा राहिला. आयांनी सांगितले, कोणी विचारले तरी थांबू नकोस. बापांनी सांगितले, गाडी तेथेच टाक आणि घरी ये. आणि सज्जन पुरुषापुढेही पेच पडला. रात्री दहा वाजता एखादी मुलगी स्कूटर ढकलीत चालली आहे. थांबावे, तर ती घाबरते. न थांबावे, तर मनाला खात राहते. बाटलीतून सुटे पेट्रोल देण्याविषयी पंपांवर अधिक कडक मनाई आली, तीही योग्यच. पण त्यामुळे खऱ्या अडलेल्यास पंपापर्यंत पायपीट करणे भाग पडले.

माझ्या समजुतीने यातून मार्ग निघाला, तो कोणी शिकविल्याने निघाला नाही. तो रस्त्यावरच हळूहळू रुळला. समंजस स्वार आता एकट्या स्त्रीजवळ जाऊन उभा राहत नाही. दोन गाड्यांचे अंतर ठेवून, उजेडात थांबतो, इंजिन चालू ठेवीत नाही, शिरस्त्राण काढून चेहरा दाखवितो आणि मोठ्याने, इतरांनाही ऐकू जाईल असे विचारतो. “घरी फोन लागला का?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो; गाडीचा विषय नंतर. जवळच्या दुकानातील बाईमाणसास तो हाक मारतो. गाडी माझ्याकडे द्या, मी दुरुस्त करून आणतो, असे तो कधीच म्हणत नाही. आणि कोणी तसे म्हणाले तर मुलींनी नाही म्हणावे, त्यात उद्धटपणा काही नाही. तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक आणि राष्ट्रीय महामार्गावरील १०३३ हा क्रमांक मुलांना पाठ असावेत. नकार मिळाला तर सज्जनाने राग मानू नये. लांबच उभे राहून तिच्या घरचे येईपर्यंत वाट पाहिली, तरी मदत झालीच. या नव्या रीतीत पूर्वीचा मोकळेपणा नाही, याचे वाईट वाटते. पण पूर्वीचा मोकळेपणा मुख्यतः पुरुषांपुरताच होता, हेही कबूल केले पाहिजे. तेव्हा रात्री रस्त्यावर स्कूटर घेऊन एकटी स्त्री असेच किती ठिकाणी?

अपघात झाला असेल, तर थांबणाराची आणखी एक भीती असते: पोलिस, साक्ष, इस्पितळातील प्रश्न. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणारांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरविली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटर वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्यास जबाबदार धरता येत नाही; आपले नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. इंग्रजीत अशा मनुष्यास कायद्याने जे नाव दिले आहे, ते संत लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातल्या शोमरोनी प्रवाशाचे आहे. आपल्याला तो दाखला बालपणापासून ठाऊक असल्याने त्यातील एक तपशील नजरेतून निसटतो. त्या प्रवाशाने जखमीस आपल्या जनावरावर बसविले, म्हणजे स्वतः तो पायी चालला असणार. यरुशलेम ते यरीहो हा रस्ता लुटारूंसाठी कुप्रसिद्ध होता, आणि कडेला पडलेला मनुष्य हा लुटारूंचाच सापळा असेल, अशी शंका आधीच्या दोघा वाटसरूंस आली नसेल कशावरून? रस्त्यावरची ही शंका शमशाबादच्या रात्री जन्मलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात जामबागेतच पाहिलेला एक प्रसंग सांगतो. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. पाऊस नुकताच उघडला होता, रस्त्यावर चेंगरलेल्या झेंडूचा चिखल झाला होता आणि फुलवाले उरलासुरला माल ओल्या गोणपाटाखाली झाकीत होते. महाविद्यालयात शिकणारी असावी अशी एक मुलगी पंक्चर झालेली स्कूटर घेऊन दिव्याखाली उभी होती. एक पोरगा थांबला, तिने मान हलवून नको म्हटले, तो गेला. दुसरा थांबलाच नाही. मग मोटरसायकलीवरून एक जोडपे आले. गाडी पुढे जाऊन थांबली. नवरा तेथेच राहिला आणि बायको उतरून मागे चालत आली. “काय झालं गं?” तिने मराठीतच विचारले, आणि मुलीने मराठीतच उत्तर दिले, याचे दोघींनाही जरा आश्चर्य वाटलेले दिसले. नवरा तोवर पुतळीबावडीच्या बाजूस पंक्चरवाल्याच्या शोधात निघून गेला. बायको मुलीपाशी उभी राहिली. फुलवाल्या म्हातारीने दोघींना बसावयास आपली उलटी टोपली दिली.

पंक्चरवाला येण्यास वीस मिनिटे लागली. तो त्या गृहस्थाच्या मागे बसून, मांडीवर पंप घेऊन, कुरकुरत आला, कारण दुकान बंद करून तो जेवावयास निघाला होता. टायरातून त्याने भला मोठा खिळा काढला, सर्वांना दाखविला, पट्टी घातली, हवा भरली आणि रात्रीचे म्हणून वीस रुपये जास्त मागितले. मुलीने ते दिले. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. तिने तो त्या बाईच्याच हातात दिला आणि बाई दोन मिनिटे बापाशी बोलल्या. मग जोडपे घाईघाईने निघाले, कारण पुन्हा थेंब पडू लागले होते.

मुलगी स्कूटर चालू करते आहे, तोच म्हातारीने हाक मारली. गृहस्थांचे शिरस्त्राण फुलांच्या टोपल्यांत राहून गेले होते. मुलीने ते उचलले, पायांपाशी ठेविले आणि हॉर्न वाजवीत कोठीच्या दिशेने त्यांच्या मागे स्कूटर सोडली.